पाणी कोण भरतं

बाबूजी,

परवा नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. काचेचं दार आपोआप उघडतं, आत शिरलं की थंड हवा, आणि डाव्या हाताला एक वेगळी खिडकी. वर पाटी, परदेशातून येणाऱ्या रुग्णांसाठी. तिथं आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातून आलेलं एक वयस्कर जोडपं बसलं होतं. म्हातारा कागद सांभाळत होता, बाई खाली आपल्या चपलेकडे बघत होती. खिडकीतली पोरगी बाईला विचारायची आणि उत्तर म्हातारा द्यायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण मला तिथं तुम्ही दिसलात. आता लोक बाहेरून इकडे येतात, बाबूजी. नागपूरला, हृदयाची झडप बदलायला. तुम्ही मायला घेऊन इथून विलायतेला गेला होतात, आणि जशी नेली तशीच परत आणली होतीत. तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज नीट आठवायला मला डोळे मिटावे लागतात. राग मात्र तसाच आहे. तुम्ही शाळेत पोरांना सांगायचे, राग आला की मनात पाढा म्हणा. मी एकोणतीसचा पाढा म्हणून पाहिला. काही उपयोग होत नाही.

मायला लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे, ते तिच्या माहेरी कुणी आजार म्हणून धरलंच नाही. वाढीचं अंग आहे म्हणायचे. धाकट्या भावाच्या बाळंतपणात तिला पहिल्यांदा धाप लागली, तेव्हाही अशक्तपणा म्हणून सोडून दिलं. मग एका पावसाळ्यात धानाच्या रोवणीत बाया चिखलात वाकून पुढे सरकत गेल्या आणि माय मधूनच उठून बांधावर, धुऱ्यावर जाऊन बसली. मी तेव्हा शाळेतून येऊन न्याहारी घेऊन गेले होते. तिचे ओठ जांभळट दिसत होते. 'काही नाही वं, ऊन लागलं,' म्हणाली. आभाळ तर गच्च भरलेलं होतं. तुम्ही तिला नागपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की हृदयाची झडप आखडली आहे, ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि तोवर जड काम बंद. दळण नाही, ओझं नाही, विहिरीचं पाणी तर अजिबात नाही.

मी तेव्हा भंडाऱ्याला वसतिगृहात राहून शिकायला लागले होते. धाकटा अजून अर्ध्या चड्डीत होता. दिवाळीच्या सुटीत घरी आले आणि पहाटे रांजणात पाणी ओतल्याचा आवाज ऐकून जाग आली. बघते तर तुम्ही. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर मायचा पाण्याचा पितळी गुंड, अंग ओलंचिंब. आसगावच्या शाळेचे हेडमास्तर, ज्यांना बघून बसलेली माणसं उठून उभी राहायची, ते बायकोचं पाणी भरून राहिले होते. तुम्ही मला बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं. मग माय उठली. डोक्यावर गुंडाखाली ठेवायची ती चिंधीची चुंबळ तिनं रांजणात बुडवली, पिळली आणि अंगणातल्या दांडीवर वाळत घातली, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी. 'हे कायले वं माय?' मी विचारलं. 'तुले नाही समजत,' ती म्हणाली. मला समजलं होतं, किंवा समजलं असं वाटलं होतं. मला वाटलं, बाबूजींची इज्जत सांभाळून राहिली. सुटीभर पाणी मी भरलं. सुटी संपली की पुन्हा तुम्ही.

त्याच सुमारास मामाचं पत्र आलं. मामा आपल्या खानदानातला पहिला डॉक्टर, तो तेव्हा इंग्लंडात एका दवाखान्यात शिकाऊ होता. त्यानं लंडनच्या मोठ्या हार्ट सर्जनशी बोलून ठेवलं होतं, फी माफ करून घेतली होती, तिकिटंही तोच पाठवणार होता. मुंबईला रांग फार लांब, म्हणून ताईला इकडेच आणा म्हणाला. तुम्ही ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. आणि मग सुरू झाल्या तुमच्या चकरा. जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरचा दाखला, नागपूरच्या बोर्डाचा दाखला की हे ऑपरेशन इकडे वेळेत होण्यासारखं नाही, परकीय चलनाची परवानगी, पासपोर्ट. पवनीहून एसटी पकडायची, भंडाऱ्याला उतरायचं, साहेब दौऱ्यावर. पुन्हा जायचं, साहेब आहेत पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली कारकून बाबूंच्या खिशात आणि बाबू लग्नाला. तुम्ही एकदाही कुणावर चिडला नाहीत. वसतिगृहात मला भेटायला यायचे, बाकावर बसून गूळ-फुटाणे खायचे आणि म्हणायचे, 'होऊन जाते हळूहळू.' तुमच्या वाटचं चिडायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं ते आलंच.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तो प्रसंग माय किती रंगवून सांगायची. त्यानं विचारलं, 'बाई, नवऱ्याचं नाव सांगा.' माय गप्प. त्याला वाटलं काहीतरी लफडं आहे. शेवटी ती दाराआडून म्हणाली, 'शाळेच्या भिंतीवर लिवलं आहे जी, वाचून घ्या.' आणि तो खरंच शाळेपर्यंत जाऊन वाचून आला. गावात मात्र कुणाला दवाखान्याचं सांगायचं नव्हतं. 'काहून जाऊन राहिले जी गुरुजी, विलायतेले?' असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचे, 'हिच्या भावानं बोलावलं आहे, बहिणीला बघावंसं वाटलं त्याला.' आणि लोक मान डोलवायचे. वरठीच्या स्टेशनावर मी तुम्हाला गाडीत बसवून दिलं. मायनं भावासाठी लाखोळीची डाळ घेतली होती, दोन पातळं एकावर एक नेसली होती थंडीसाठी, आणि स्टेशनच्या फरशीवर ती एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत थांबत थांबत चालली होती. तिकिटं दोनच होती. इंग्रजी येतं म्हणून तुम्ही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

परत आलात तेव्हा अख्खं गाव ओसरीवर जमलं. मायनं सगळ्यांना तिकडच्या गोष्टी सांगितल्या, भिंतीतून गरम पाणी येतं, बाया पँट घालतात, मामानं स्वतः भांडी घासली. बाया तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. ऑपरेशन झालेलं नव्हतं हे मला ती चालत आली तेव्हाच कळलं होतं. रात्रीचा भात चढवताना स्वयंपाकघरात मी तिला धरलं. तुम्ही बाहेर लोकांना पोचवायला गेला होतात. ती चुलीपुढं पाटावर बसली आणि हसत हसतच सांगायला लागली.

त्या दवाखान्यात बाहेर देशातून आलेल्यांची वेगळी खिडकी होती, माय तिला परक्याईची खिडकी म्हणायची. मामाला ऐन वेळी ड्युटी लागली म्हणून तुम्ही दोघंच गेला होतात. खिडकीतल्या बाईनं विचारलं, दुभाषा हवा का, एक हिंदी बोलणारी नर्स आहे, बोलावते. तुम्ही म्हणालात, 'नो थँक यू. आय ॲम अ हेडमास्टर.' हे वाक्य मायला पाठ होतं, तिनं ते तुमच्यासारखी मान ताठ करून म्हणून दाखवलं. मग मोठा डॉक्टर आला, सोललेल्या अंड्यासारख्या गुळगुळीत तोंडाचा, बोलायला मवाळ.

'डाक्टर म्हने काईतरी. तुये बाबूजी म्हनत, नो, नो. तो अजून म्हने, हे अजून नो, नो. मी म्हटलं, बाप्पा, एवढं नो नो कायचं होऊन रायलं? मंग त्याईनं असा हात डोक्शावर ठेवला अन् दोन बोटं दाखवली. मंग मले समजलं. दोन गुंड. बाई दोन गुंड पानी आनते, असं सांगून रायले व्हते.'

'अन् तू काऊन नाही बोलली?'

'कोन्या भाषेत बोलू?'

'मान तर हलवता आली असती, माय.'

'आपल्या मानसाच्या बोलन्यावर मान हालवू? परक्यासमोर?' ती म्हणाली आणि भातावरचं झाकण सरकवलं. 'मंग डाक्टर हासला, म्हने गुड. तेवढं मले समजते.'

झडप खराब आहे, डॉक्टरनं लिहून दिलं होतं, पण बाई विहिरीवरून रोज पाणी आणते, घरचं सगळं काम दम न लागता करते, म्हणजे शरीरानं जुळवून घेतलेलं दिसतं. आज छाती उघडण्यात जितका धोका आहे तितका थांबण्यात नाही. वर्षानं दाखवा, किंवा धाप लागायला लागली तर लवकर या. मामा संध्याकाळी आला आणि ते वाचून त्यानं तुम्हाला विचारलं, 'भाऊजी, खरंच भरते का ताई पाणी?' आणि तुम्ही म्हणालात, 'भरते.' मामाला देश सोडून वर्षं झाली होती, त्यानं विश्वास ठेवला. भाऊजी खोटं बोलतील हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तुमच्या हाताखाली शिकलेल्या कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

तुम्ही बाहेरून आलात आणि मी विचारलं, 'बाबूजी, आपल्या घरी पाणी कोण भरतं?' तुम्ही खुंटीला टोपी अडकवली. माझ्याकडे न बघता म्हणालात, 'परीक्षा जवळ आली आहे. तू अभ्यास कर.' एवढंच. आयुष्यात तुम्ही मला मारलं नाही, ओरडलाही नाहीत, पण ते शब्द मला अजून लागतात. सात समुद्र ओलांडून गेलात, तिथं आसगावचं कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं, आणि तिथंही तुम्हाला हेडमास्तरकी सोडवली नाही. कोण होता तो डॉक्टर तुमचा? तो काय शाळा तपासायला येणार होता? मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रांजणात पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

वर्ष काही पुरं झालं नाही. उन्हाळा संपेपर्यंत मायचे पाय सुजले, उशीला टेकून बसल्याशिवाय तिला झोप लागेना. मामानं पुन्हा तिकिटांची तयारी दाखवली. पण परवानगी पुन्हा पहिल्यापासून घ्यायची होती, आणि या खेपेला नागपूरच्या बोर्डापुढं लंडनचाच कागद आडवा आला. मी तुमच्यासोबत होते. लांब टेबल, पलीकडे तिघं डॉक्टर, बाजूला टाइपरायटरवर एक बाबू. मधल्या साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. 'मास्तर, इथं लिहिलं आहे पेशंट रोज विहिरीचं पाणी आणते. तिकडचे एवढे मोठे डॉक्टर थांबा म्हणतात, आणि तुम्ही पुन्हा जायचं म्हणता. अशानं ज्याला खरी गरज आहे त्याला आम्ही काय सांगायचं?'

तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत. तुम्हाला कुणासमोर टोपी काढताना मी तोवर बघितलं नव्हतं. 'पाणी मी भरतो, साहेब,' तुम्ही म्हणालात.

'काय?'

'पाणी मी भरतो. लंडनला जायच्या आधीपासून. भातही मीच टाकतो. ती अंगणापर्यंत चालू शकत नाही.'

टाइपरायटर थांबला. तो बाबू खाली मान घालून हसला, ते मला दिसलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, 'मास्तर, मग लंडनला खोटं बोलले, का इथं बोलून राहिले?' तुम्ही 'साहेब' एवढाच शब्द उच्चारलात. टोपी हातात गोल गोल फिरत राहिली. आयुष्यभर फळ्यापुढं उभं राहून बोलणारा माणूस तुम्ही. मी बोलायला तोंड उघडलं तर साहेब म्हणाले, 'पोरी, तू थांब.' नवीन तपासणी करून आणा, तिकडच्या दवाखान्याचं नवीन पत्र आणा, मग बघू, असं ठरलं. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, हेच एक वाक्य. हेच तिथं बोलला असतात तर माय आज घरी जिना चढली असती. आपल्या घराला जिना नव्हता, पण रागाला एवढं कुठं कळतं.

नवीन पत्र आलं, या म्हणून. तोवर मायला भंडाऱ्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं होतं. शेतात धान कापणीला आलं होतं. मी तिच्या उशाशी बसायची आणि तुम्ही नसलात की तुमच्याविषयी जे तोंडाला येईल ते बोलायची. एका दुपारी तिनं माझा हात धरला. बोलताना तिला मधे मधे थांबावं लागत होतं.

'त्याईले बोलू नोको वं. मीच शपथ घातली व्हती. माया जिवाची. म्हटलं, मी पानी भरत नाही हे कोनालेच सांगाचं नाही. कोनालेच म्हंजे कोनालेच.'

'कायले, माय?'

'तुयासाठी. मायचं काळीज खराब आहे समजलं तं लोक म्हनतीन, पोरीचंबी असंच असंन. कोन करन तुले?' मग थोड्या वेळानं म्हणाली, 'त्याईनं नागपुरात सांगून देल्लं म्हनते. शपथ मोडली माही. मोडू दे. आता कायची शपथ.'

आता मी कुणावर चिडायचं होतं, तुम्हीच सांगा. इतके दिवस मला राग धरायला एक माणूस होता, तोही तिनं काढून घेतला. आणि वर ओझं माझ्याच डोक्यावर ठेवलं. माझ्या लग्नाचं, जे ठरलं नव्हतं, जे मला नकोही होतं. मला बी.ए. व्हायचं होतं. कुणी मला विचारलं होतं का? एक माझी माय, जी शपथा घालते. एक तुम्ही, जे पोरांना विज्ञान शिकवता, मांजर आडवं गेलं तर काही होत नाही म्हणून सांगता, आणि बायकोच्या जिवाची शपथ पाळायला लंडनपर्यंत जाता. त्या आठवड्यात माय गेली. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय बसलं होतं ते. तुम्हाला मरेपर्यंत वाटत राहिलं की शपथ मोडली म्हणून ती गेली. मला अजून वाटतं की शपथ पाळली म्हणून गेली.

तिचं सगळं करून आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी तुम्ही पाण्याला निघालात. पहाटे नाही, चांगलं ऊन वर आल्यावर. खांद्यावर तोच पितळी गुंड. विहिरीवर बायांची गर्दी होती. मी मागोमाग धावले, कारण मला वाटलं आता गावात बोभाटा होणार. बाया बाजूला सरल्या. कुणी तोंडाला पदर लावला नाही, कुणी हसली नाही. शेजारच्या काकीनं तुमच्या हातातला दोर घेतला आणि म्हणाली, 'राहू द्या जी गुरुजी, आज आमी भरतो.' तुम्ही कठड्यावर बसलात. मग ती मला बाजूला घेऊन म्हणाली, 'आमाले तं पैल्यापासून ठाव व्हतं वं माय. चुंबळ ओली अन् पदर कोरडा, असं कोन्या बाईचं असते? गुरुजीले लाज वाटू नये म्हनून आमी सगळ्या उजाडल्यावर येत व्हतो विहिरीवर. पहाटची विहीर त्याईच्यासाठी सोडली व्हती.'

म्हणजे सगळ्या आसगावला ठाऊक होतं, बाबूजी. रोवणीच्या बायांना, दुकानदाराला, तुमच्या शाळेतल्या पोरांना. विलायतेला कायले जाऊन राहिले हेही ठाऊक होतं आणि तरी ते मान डोलवत होते. सगळं गाव तुमचं गुपित सांभाळत होतं. ज्या एका माणसाला ते सांगायला पाहिजे होतं, तो सोललेल्या अंड्याच्या तोंडाचा डॉक्टर, तेवढ्या एकालाच ते ठाऊक नव्हतं.

अजून एक आहे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि राहिलं म्हणून पत्र. पुढे तुम्ही माझं लग्न लावलंत, बी.ए. झाल्यावर, हे तुमचे उपकार. लग्नाला चांगली वर्षं झाल्यावर एकदा मी सासूबाईंचे पाय चेपत होते. मी सहज म्हटलं, आमच्या मायचा आजार तुम्हाला आधी माहीत असता तर तुम्ही मला केली नसती. त्या हसायला लागल्या. 'काय बोलतेस बाई. आम्ही काय चौकशी न करता सोयरीक जुळवली? तुझ्या गावात माणूस पाठवला होता. त्यानं येऊन सांगितलं, मायला काळजाचा रोग होता, त्यात गेली. आणि सांगितलं, गुरुजी तिचं पाणी भरायचे. तेव्हा तुझे सासरे म्हणाले, बायकोचं पाणी भरणाऱ्या माणसाची पोरगी आहे, आणा.' त्या उन्हाळ्यात मी आसगावला आले तेव्हा तुम्ही आजारी होतात, मी तुमच्यासाठी पेज करत होते. चार वेळा सांगायला ओसरीवर आले आणि चार वेळा पेज गरम करायला परत गेले. तुम्हाला बरं वाटलं असतं की त्यानं तुमचं उरलंसुरलं मोडलं असतं, मला ठरवता येईना. त्यानंतर सांगायला तुम्ही राहिला नाहीत.

आता परवाचं सांगते, म्हणजे मी मोकळी. त्या दवाखान्यात मी माझ्यासाठीच गेले होते. दोनतीन महिन्यांपासून दम लागतो. माझ्या मायचंच काळीज मला आलं की वयाचं काही आहे ते तपासून कळेल. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. खालून भाजी, दळण, दूध सगळं तुमचे जावई आणतात, पिण्याच्या पाण्याचे डबेही तेच वर चढवतात. माझी लेक सोबत आली होती. डॉक्टर तरुण होता, नीट मराठीत विचारत होता, दुभाष्याची काही गरज नव्हती. 'काकू, जिना चढताना धाप लागते का?' मी म्हटलं, 'नाही जी.' 'घरचं काम कोण करतं?' मी म्हटलं, 'मीच करते, दुसरं कोण करणार?' हे माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. कुणी शपथ घातली नव्हती, कुणाचं लग्न अडलं नव्हतं.

लेक पटकन म्हणाली, 'खोटं बोलून राहिली ती, डॉक्टर. दिवाळीपासून आई जिना उतरली नाही. आज बाबांनी आणि मी तिला धरून खाली आणलं. पाणीसुद्धा बाबाच भरतात.' डॉक्टरनं लिहून घेतलं. आणि मला त्या पोरीचा इतका संताप आला की बाहेर येऊन मी तिच्याशी बोलले नाही, परक्यांच्या त्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. ती चहा घेऊन आली, तोही घेतला नाही.

बाबूजी, तिकिटं तीन असती आणि त्या खोलीत मी असते तर मी बोलले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तुमच्यावरचा माझा सगळा राग त्या एका वाक्यावर उभा होता. नसते बोलले मी. तुमच्या शेजारी बसून मीही डोक्यावर हात ठेवला असता आणि दोन बोटं दाखवली असती.